सात नंबरच्या खोलीतलं गाव

वायरमन शिडीवर चढला, पंखा हातानं फिरवून पाहिला, छताला ठोकून पाहिलं, सगळी बटणं दोन-दोनदा चालू-बंद केली आणि खाली उतरून म्हणाला, "बाई, इथं बिघडलंय काय?"

शिबिराच्या बाईंनी नोंदवही पुन्हा उघडली. तिथं तर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, खोली क्रमांक सात, दुरुस्तीसाठी बंद. दारावर तशीच पत्र्याची पाटी लटकत होती. यंदा शाळेच्या उन्हाळी शिबिराचं घोंगडं बाईंच्या गळ्यात पडलं होतं, आणि सुंदर हस्ताक्षराच्या वर्गासाठी अठरा मुलं केवळ खोली नाही म्हणून ताटकळत होती. म्हणून त्यांनी मोठ्या सरांच्या मागे लागून लागून दुरुस्ती मंजूर करून घेतली होती. आणि आता दुरुस्त करायचं काय, तेच सापडत नव्हतं.

त्यांनी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. मागच्या वर्षी तेच वाक्य, त्याच्या मागच्या वर्षीही तेच. दरवर्षी नवा कारकून जुनी वही समोर ठेवून मुकाट्यानं उतरवून काढत होता. बावीस वर्षं मागे गेल्यावर मूळ सापडलं. छताचा गिलावा पडला होता आणि महिन्याभरात तो नीट केलाही होता. काम पूर्ण झाल्याची चिठ्ठी पानाला टाचलेली होती. दारावरची पाटी काढायचं तेवढं राहून गेलं होतं.

पाटी काढणं हे किल्लीमामांचं काम.

किल्लीमामा म्हणजे शाळेचे शिपाई. अंगानं सडपातळ, बोलण्यात त्याहून सडपातळ. कमरेला त्रेचाळीस किल्ल्यांचा जुडगा, एकाही किल्लीला चिठ्ठी नाही, खूण नाही. नुसत्या बोटांनी चाचपून ते हवी ती किल्ली काढत. ऑफिसचं दार जरा उचलून धरल्याशिवाय उघडत नाही, प्रयोगशाळेचं कुलूप किल्ली उलटी घातली तरच ऐकतं, हे शाळेत त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत मुलांना आवाजाचा त्रास नको म्हणून ते सगळ्या किल्ल्यांना सुतळी गुंडाळत, आणि निकाल लागला की पुन्हा एकेक सोडवत. कुठलंही कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, एकदा नाही, तीनदा नाही. त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच, "बरं."

त्या दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, "मामा, ही पाटी काढा. आणि जमिनीवर खडूनं केवढं गिचमिड केलंय मुलांनी. धुऊन घ्या सगळं, उद्यापासून इथं वर्ग बसेल."

"बरं," मामा म्हणाले.

बाईंचा स्वतःच्या वेळापत्रकावर फार जीव होता, तेही सांगितलं पाहिजे. सुट्टी मुलांना लागते, पण पोटात गोळा येतो तो आईबापांना. दोन महिने हे पोर घरात करणार काय, या धास्तीनं माणसं शिबिराच्या खिडकीशी अशी रांग लावतात, जणू आत औषध मिळणार आहे. मागच्या वर्षीपर्यंत शिबिरात डबा खाऊन झाल्यावर एक तास मोकळा असायचा. शिक्षक सावलीत पाय पसरायचे, आणि मुलं काय करायची ते कुणी विचारलं नव्हतं. यंदा एका वडिलांनी विचारलं, "बारा ते एक काय करतात मुलं? नुसती बसतात?" बाईंना ते लागलं. त्यांनी त्या तासात बुद्धिबळ, नाट्य आणि पाठांतर बसवलं, आणि नऊपासून चारपर्यंत एकही भोक राहिलं नाही. भिंतीवर लावलेल्या त्या सहारंगी तक्त्याकडे पालक कौतुकानं बघत उभे राहात. बाईंची स्वतःची आठ वर्षांची लेकही त्यात होती. दिवसभर या वर्गातून त्या वर्गात फिरायची, म्हणून बाई तिला भिंगरीच म्हणायच्या. ते नाव ऐकून पोर हल्ली हसेनाशी झाली होती, पण बाईंच्या ते लक्षात यायला वेळ कुठे होता?

फक्त एकच तक्रार होती. शिक्षक म्हणत, "यंदा मुलं पाणी फार पितात हो. दर दहा मिनिटांनी एक हात वर." पाण्याचा नळ होता सात नंबरच्या खोलीला लागून.

दुसऱ्या दिवशी डब्यानंतर बाई खोली धुतली का ते पाहायला गेल्या. दारावरची पाटी जागच्या जागी होती. कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं. आत हालचाल दिसली, म्हणून त्या खिडकीच्या गजांपाशी थांबल्या. आता आत जाऊन एकेकाचा कान पिळायचा, असं मनाशी ठरवूनच त्यांनी डोकावलं.

आत पाच मुलं होती. जमिनीवर उकिडवी बसलेली, एकमेकांशी न बोलता, हातात खडूचे तुकडे. त्यात भिंगरी होती. ती एका रेषेवर खडू फिरवत होती, इतक्या हळू की बाईंना वाटलं, हिला बरं नाही की काय. मग रेषेच्या टोकाशी काय आहे ते दिसलं, आणि काल ज्याला त्या गिचमिड म्हणाल्या होत्या ते हळूहळू डोळ्यांपुढे उलगडायला लागलं.

ते गाव होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं. तळहाताएवढी घरं, ओळीनं, वाकड्या गल्ल्यांनी, चौकाचौकानं. दोनशे असतील, अडीचशेही असतील. एका घराला सतरा खिडक्या, एकाला एकही नाही. एक दवाखाना, त्याच्या शेजारी पतंगाचं दुकान. तळ्याच्या मधोमध एक शाळा, तिथं पोहल्याशिवाय जाताच येणार नाही. रेल्वेचं स्टेशन होतं, रूळ मात्र कुठेच नव्हते. एका गल्लीला नाव दिलं होतं, रागावलेल्यांची गल्ली, आणि तिथली सगळी घरं रस्त्याकडे पाठ करून उभी होती. बाईंचा रागच उतरला.

एक मुलगी नव्यानं आली होती. ती खडू घेऊन मोकळ्या जागी घर काढायला लागली, तशी भिंगरी मान वर न करता म्हणाली, "आधी तीन जुनी, मग एक आपलं."

"म्हणजे?"

"पुसट झालेली तीन घरं आधी गिरव. जशीच्या तशी. मग तुझं काढ. आणि कुणाचं पुसायचं नाही. चुकलेलं असलं तरी नाही."

"असं कुणी सांगितलं?"

"असंच असतं इथं," भिंगरी म्हणाली.

आपल्या लेकीचा असा शांत, ठाम आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. त्या मागे वळल्या, तर व्हरांड्यात किल्लीमामा उभे. पकडले गेल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं.

"मामा, हे कधीपासून आहे?"

"बावीस उन्हाळे झाले."

"पण खडू राहतो कसा?"

"शाळेच्या दिवसांत कुलूप. कुणाचा पाय पडत नाही. मी भिंतीकडेची वीतभर जागा झाडतो, आत जात नाही. उन्हाळ्यात पोरं येतात, पुसट झालेलं गिरवतात." एवढं बोलून मामांना धाप लागली असावी, त्यांनी कमरेचा जुडगा उगाच चाचपला. मग म्हणाले, "एकदा साहेब आले होते तपासणीला. म्हटलं, आत पाली फार आहेत. तिथूनच परतले."

बाईंनी हिशेब केला. पहिलं घर काढणारी मुलं आता तिशीकडे झुकली असतील. त्यांची घरं ज्यांनी गिरवली ती मुलं मोठी झाली, मग त्यांची घरं आणखी कुणी गिरवली. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशी शे-दोनशे पोरं एकमेकांची घरं बावीस वर्षं सांभाळत होती, आणि एकाही मोठ्या माणसाला याचा पत्ता नव्हता. एक सोडून. तो एकजण दारात उभा राहून बाईंनी काही सांगितलं की "बरं" म्हणत होता, आणि या खोलीपुरतं करत मात्र काही नव्हता. बाईंना त्या सडपातळ माणसाबद्दल एकाएकी इतका आदर वाटला की त्या नुसत्या बघत राहिल्या.

इथं त्या थांबल्या असत्या तर पुढचं टळलं असतं. पण बाई मुळात करणाऱ्या. चांगलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी रात्रीतून, म्हणजे जेवायच्या आधीच, वेळापत्रक बदललं. बारा ते एक, मुक्त तास, खोली क्रमांक सात. पाठांतर रद्द. एक चित्रकलेच्या ताई नेमल्या. रंगीत खडूंची खोकी आणवली, बसायला चटया टाकल्या, हजेरीची वही ठेवली, आणि आठवड्याच्या शेवटी सर्वांत सुंदर घराला बक्षीस जाहीर केलं. पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. मामा बघत होते. या खेपेला ते "बरं"सुद्धा म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी तीस मुलं आली. हजेरी झाली. ताई म्हणाल्या, "चला, आता तुम्हाला हवं ते करा." मुलं बसून राहिली. शेवटी एकानं हात वर केला, "ताई, काय करू?" ताईंनी सांगितलं, छान घर काढा. मग तीसच्या तीस मुलांनी घरं काढली, दोन खिडक्या, मधे दार, वर धुराडं. बक्षीस होतं ना. जुनी तीन कोण गिरवत बसणार? चटया ओढल्या की खालची एकेक गल्ली पुसली जायची. भिंगरी पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी बुद्धिबळाला जाते." तिच्या मागोमाग बाकीची चौघंही गेली.

दोन आठवड्यांनी पतंगाचं दुकान नव्हतं. तळ्यातल्या शाळेचं नुसतं छप्पर उरलं होतं. रागावलेल्यांच्या गल्लीवरून तीस जोड्या पाय रोज जात होते. आणि शिक्षक आनंदानं सांगत होते, "आता मुलं पाणी मागत नाहीत हो." बावीस वर्षं जे एका पोरानंही मोडलं नाही, ते आपण दोन आठवड्यांत मोडून दाखवलं, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि आणखी आठ-दहा दिवस असेच गेले तर गिरवायला पुसट रेषसुद्धा राहणार नव्हती.

त्याच दिवशी चार वाजता शिबिर सुटल्यावर त्या खडू घेऊन सात नंबरमध्ये शिरल्या. चटया गोळा करून बाहेर टाकल्या. पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि जे दिसेल ते गिरवू लागल्या. कंबर मोडून आली, तास गेला, तरी नऊ-दहा घरांपलीकडे मजल गेली नाही. कोपऱ्यातलं एक घर त्यांना विचित्र वाटलं. त्याचं दार छतावर होतं. पुसट रेषांत आपण चुकत असू असं समजून त्यांनी दार खाली, जिथं दारं असतात तिथं काढलं.

"आई, ते चुकलं," मागून भिंगरी म्हणाली. ती दारात दप्तर घेऊन वाट बघत उभी होती. "त्याचं दार वर असतं."

"अगं, वर कसं असेल दार?"

"असतं. ते पहिलं घर आहे. सगळ्यांना माहितीये."

बाईंनी पुसायला हात पुढे केला, तर लेक पटकन म्हणाली, "पुसू नको. कुणाचं पुसायचं नाही." आणि मग, अगदी हळू, "तू का केलंस गं असं? आमचं होतं ते." एवढंच म्हणून ती व्हरांड्यात जाऊन बसली. खाली मान घालून बाई बोटांवरचा खडू पुसत राहिल्या.

किल्लीमामा कुलूप लावायला आले तेव्हा त्या तशाच बसून होत्या. मामा उंबऱ्यापाशीच थांबले. त्यांची नजर बरोबर कोपऱ्यातल्या घरावर गेली.

"ते माझ्या मुलीचं घर," ते म्हणाले. "पाच वर्षांची होती. बायको हॉस्पिटलात आया, तिची दिवसपाळी. सुट्टीत पोरीला ठेवायचं कुठं? इथं आणायचो. शिबिरात नाव घातलेलं नव्हतं, म्हणून वर्गात बसता येईना. ही खोली बंदच होती. म्हटलं, बस इथं. हातात एक खडू दिला."

"दार वर का, मामा?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, खालून सगळेच येतात." मामा किंचित हसले. "मग शिबिरातली दोन पोरं खिडकीतून बघून आत आली. त्यांनी शेजारी घरं काढली. गिलावा झाला, पाटी काढायची वेळ आली. माझ्यानं काढवेना. तेवढं एकच काम मी चुकवलंय, बाई. बाकी कधी नाही."

"आता कुठं असते मुलगी?"

"कापडाच्या कारखान्यात तपासनीस आहे. लांब. एकदा फोनवर म्हटलं, तुझं घर अजून आहे. तर म्हणाली, कुठलं घर, बाबा? तिला काहीच आठवत नाही." हे सांगताना त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. "पोरांना आठवतं. झालं की."

बाई उठल्या. त्यांना काहीतरी मोठं, मनापासून बोलायचं होतं. पण ज्या माणसानं बावीस वर्षं चकार शब्द काढला नाही त्याच्यापुढे कुठला शब्द काढायचा? त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, ती पाटी कुठं आहे?"

पाटी मामांच्या स्टुलाखाली होती, फडक्यात गुंडाळलेली. ती पुन्हा दारावर चढली. रंगीत खडू चित्रकलेच्या वर्गात गेले, हजेरीची वही रद्दीत. मोठ्या सरांनी विचारलं तेव्हा बाईंनी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "वायरमनच्या लक्षात आलं नाही, पण खोलीचं काम मोठं आहे." हस्ताक्षराची अठरा मुलं वाचनालयाच्या लांब टेबलांवर बसली, आणि ती तिथं आधीपासूनच बसू शकली असती हे बाईंना आत्ता सुचलं. बुद्धिबळ आणि नाट्य दुपारच्या वर्गांत बसवलं, आणि वेळापत्रकात साडेअकराच्या डब्याला जोडून बारा ते एक समोरही त्यांनी लिहिलं, जेवण. तेच वडील पुन्हा आले. "डबा खायला दीड तास?"

"सावकाश खातात," बाई म्हणाल्या.

पण पाटी लावली म्हणून मुलं थोडीच परत येतात. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. कुलूप कडीला अडकवलेलं तसंच. बाई खिडकीकडे जायच्या नाहीत, पण तक्त्यामागून कान तिकडेच. घरी भिंगरी काही बोलायची नाही आणि बाई विचारायच्या नाहीत. काही करायचं नाही, हे काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि ते इतकं अवघड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. चौथ्या दिवशीही काही नाही. शिबिर संपायला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात हात टेकले. गाव गेलं ते आपल्यामुळे गेलं, आता आयुष्यभर हे घेऊन राहायचं.

मंगळवारी चहाच्या वेळी नाट्यवर्गाचे सर वैतागून म्हणाले, "पुन्हा सुरू झालं हो यांचं पाणी पाणी. एकानं मागितलं की पाच जणांना तहान."

बाईंनी कप खाली ठेवला. "देत जा पाणी," त्या म्हणाल्या. "ऊन किती आहे."

शेवटच्या दिवशी चार वाजता सगळी मुलं गेली. मामा एकेक दार बंद करत सात नंबरपाशी आले आणि बाईंकडे पाहून थांबले. कडी काढली, दार ढकललं. दोघंही उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

गाव परत आलं होतं. तळ्याच्या मधोमध शाळा होती, दवाखान्याशेजारी पतंगाचं दुकान होतं, रागावलेल्यांची गल्ली पाठ करून उभी होती. जिथं रेषाही उरली नव्हती तिथं मुलांनी आठवणीनं काढलं होतं, घराला घर, खिडकीला खिडकी. सतरा खिडक्या बाईंनी मोजल्या, बरोबर सतरा भरल्या. बक्षिसासाठी काढलेली धुराड्याची तीस घरंही कुणी पुसली नव्हती. गावाच्या कडेला त्यांची एक वेगळी वस्ती झाली होती, तिथवर नवा रस्ता गेला होता. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी पाच दिवसांत, जेवणाच्या तासात आणि पाणी प्यायच्या नावाखाली, एवढं सगळं उभं केलं होतं. आपण यांना वेळेचा उपयोग शिकवायला निघालो होतो, या विचारानं त्यांना स्वतःचं हसूही आलं.

मग दोघांचीही नजर कोपऱ्यात गेली. पहिलं घर ठळक गिरवलेलं होतं. छतावर दार होतं, जिथं बावीस उन्हाळे होतं तिथंच. आणि खाली, बाईंनी चुकून काढलेलं दारही तसंच ठेवलं होतं. तेही कुणीतरी जपून गिरवलं होतं, कडीसुद्धा काढली होती.

मामा वाकून बघत राहिले. "हे खालचं दार कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "चुकून काढलं मी. मुलांना सांगून..."

"राहू दे," मामा म्हणाले. "आता ते गावाचं आहे."

त्यांनी दार लावलं, कमरेचा जुडगा न बघता चाचपून किल्ली काढली आणि कुलूप घातलं. दोनदा ओढून पाहिलं. मग जुडगा बाईंपुढे धरला. बाईंनी तो हातात घेतला आणि त्यांनीही कुलूप एकदा ओढून पाहिलं.